शिवेवर गाडी बंद पडली

जळगावात गेली कित्येक वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दोन गाड्या, दोन्हींना माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक, पुढेमागे लाल रंगात लिहिलेला ‘एल’, आणि दारावर माझ्या आडनावाखाली मोठ्या अक्षरात ‘मोटार ट्रेनिंग’. मेहरूणच्या तलावाकडच्या रस्त्यावर सकाळी सकाळी जी गाडी गचके खात जाताना दिसते आणि जिच्यातून कुणीतरी ओरडत असतं, ती बहुधा माझी. ओरडणारा मीच. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर चार दिवसांत लोक विसरले असते.

घरची गाडी मी उशिरा घेतली. शिकवण्याच्या गाड्यांत बायकोला बसवलं की ती म्हणायची, तुमच्याबरोबर बसले की मला पण परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. म्हणून नवी घेतली, चांगल्यातली. तिच्यात एक सोय होती, जिचं मला भारी कौतुक. सिग्नलला थांबलं, गिअर न्यूट्रलला टाकला, क्लचवरचा पाय काढला की इंजिन गप्प होतं. परत क्लच दाबला की सुरू. तेवढंच पेट्रोल वाचतं. नको असेल तर स्टिअरिंगच्या डावीकडे एक बटण आहे. गोल बाणाच्या आत इंग्रजी ए लिहिलेलं. ते दाबलं की सोय बंद. पण गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की ते बटणही सगळं विसरतं, पुन्हा दाबावं लागतं.

पहिल्या दिवशी अजिंठा चौफुलीला इंजिन गप्प झालं तेव्हा मीही घाबरून दोनदा चावी फिरवली होती. शोरूममधल्या माणसाने समजावलेलं सगळं मी मान हलवत ऐकलं होतं आणि त्यातलं काहीच डोक्यात राहिलं नव्हतं. पण सवय झाल्यावर मात्र मी त्याची शेखी मिरवायला लागलो. कुणीही गाडीत बसलं की सिग्नल यायची मी वाट बघायचो. मग म्हणायचो, आता बघा हं, काही ऐकू येतंय का? बायको खिडकीबाहेर बघत म्हणायची, “तुमच्या गाडीला झोप फार.” तिला त्यातलं काही कळत नाही, असं मी मनाशी म्हणायचो.

अक्का माझी थोरली बहीण. यावलकडे दिलेली, घरी केळीची शेती. तिची मुलगी, माझी भाची, हुशार पोर. एम. एस्सी. झालेली, कॉलेजात तासावर शिकवायची. तिचं आधी एक लग्न ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि लग्नाच्या तोंडावर त्या मुलाचे वडील झोपेतच गेले. ते लग्न लांबलं, मग मोडलं. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, पण पाठीमागे सगळे एकच शब्द बोलायचे. पायगुण. पोरगी घरात आली पण नाही आणि माणूस गेला, असं. त्यानंतर कितीतरी स्थळं आली आणि कुणीतरी कानात काही सांगितलं की परत गेली. अक्का या सगळ्यात वाळून गेली. भाची मात्र कॉलेजात जात राहिली. तिने त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि आम्हीही तिला काही विचारलं नाही.

शेवटी धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेड्याकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. अक्काने त्यांना आधीच सगळं उघड सांगितलं. मुलाचे वडील म्हणाले, आम्ही असलं काही मानत नाही. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली, घर सांभाळलं ते मुलाच्या आत्याने. ती मानत होती. तिने भावाच्या शब्दापुढे होकार दिला खरा, पण तो मनापासून नव्हता, हे आम्हाला सुपारीच्या वेळीच दिसलं होतं.

लग्न जळगावला झालं, वैशाखात, भर उन्हात. दुपारी पाठवणीची वेळ आली आणि नवऱ्या मुलाच्या गाडीचा एसी बंद पडला. तेव्हा मुलाचे वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, “मामा, तुमनी गाडी नवी शे. नवरा-नवरीले तुमीच लई चाला.” नवरा-नवरीला माझ्या गाडीतून न्यायचं म्हटल्यावर मी असा काही फुललो की काय सांगू. सगळ्यांदेखत बोटावर चावी फिरवत गेलो आणि गाडी मांडवाच्या दाराशी आणली.

अक्काने मला बाजूला घेतलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण ती बोलली ते अगदी भानावर राहून. म्हणाली, “भाऊ, त्यांच्या गावाला एक रीत आहे. नवरीची गाडी शिवेवर आली की आत्याबाई नारळ ओवाळतील आणि चाकाखाली ठेवतील. चाकाने नारळ फोडून गाडी आत जायला पाहिजे. पूर्वी बैलगाडी असायची तेव्हा बैल शिवेवर अडला किंवा मागे सरला तर अशुभ मानायचे. आता बैल नाहीत, तर तेच गाडीचं धरतात. तिथे गाडी बंद पडली नाही पाहिजे.”

“बंद पडायला काय ती खटारा आहे?” मी म्हटलं.

“तुझं ते आपोआप बंद व्हायचं आहे ना, ते आज नको,” ती म्हणाली. “एवढं एक कर माझ्यासाठी. या पोरीला आता आणखी काही चिकटायला नको.”

मी तिच्यासमोर चालू गाडीत वाकून बटण दाबलं. पडद्यावर सोय बंद झाल्याची खूण आली, ती तिला दाखवली. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिने हात जोडले. माझ्या बहिणीने मला हात जोडले, आणि मी तेव्हा मनात काय म्हणत होतो? उगाच घाबरते ही.

मागच्या सीटवर भाची आणि जावई, पुढे माझ्या शेजारी बायको, पाठराखीण म्हणून. मागे दोन जीप, वऱ्हाडाच्या आणि आमच्याकडच्या माणसांच्या. एरंडोल, पारोळा करत आम्ही निघालो. एसी जोरात लावलेला. भाचीने पदर डोक्यावर घेतला होता आणि ती बाहेर बघत होती. नवरा तिला हळू आवाजात काहीबाही विचारत होता, ती मान हलवत होती. मला बरं वाटलं. मुलगा चांगला आहे, एवढं मला त्या तासाभरातच कळलं.

पारोळ्याच्या पुढे तिला मळमळायला लागलं. सकाळपासून उपाशी होती. रसवंतीपाशी गाडी थांबवली, बंद केली, सगळे उतरलो. जावयाने तिला सावलीत बसवलं, उसाचा रस आणून दिला. मग माझ्याकडे येऊन त्याने सहज विचारलं, “मामा, ॲव्हरेज काय देते गाडी?”

झालं. हा प्रश्न मला कुणी मेलेल्या माणसाच्या घरी जरी विचारला तरी मी सविस्तर उत्तर देईन. मी सुरू झालो. शहरात किती, हायवेला किती, आणि सिग्नलला इंजिन बंद होतं त्याने किती फरक पडतो. बोलत बोलतच गाडीत बसलो, बोलत बोलतच चावी फिरवली. त्या सोयीचीच थोरवी गात होतो आणि ती पुन्हा चालू झाली आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. धुळ्यात सिग्नल लागले, पण एसी एवढा जोरात होता की इंजिन एकदाही गप्प झालं नाही. उन्हात एसीवर भार असला की ही गाडी बंद होत नाही. झाली असती तर मला तेव्हाच आठवलं असतं. मी शांतपणे सोनगीर ओलांडून पुढे गेलो.

गाव आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. शीव म्हणजे नाल्याच्या पुलानंतरचा चढ. वर मारुतीचं देऊळ, आणि त्याच्यासमोर बायका ताटं घेऊन उभ्या. बँडवाले आधीपासून वाजवत होते. सगळं गाव लोटलेलं. बायको म्हणाली, “एसी बंद करा, काचा खाली घ्या, ओवाळायचं आहे.” मी एसी बंद केला, काचा उतरवल्या, आणि तिने मागून फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मी चढावर आत्याबाईंच्या पुढ्यात गाडी थांबवली. गिअर न्यूट्रलला. क्लचवरचा पाय काढला. उजवा पाय ब्रेकवर. रोज शिकणाऱ्यांना ओरडून सांगतो तस्संच. थांबलात की क्लचवर पाय ठेवून बसू नका!

बँड एवढा दणक्यात वाजत होता की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एक बाई कुंकवाचं ताट घेऊन माझ्या खिडकीशी आली. मला बाहेर वाकावं लागणार होतं म्हणून मी सीटबेल्ट सोडला. तिने मला नाम ओढला, मग मागे जाऊन नवरा-नवरीला ओवाळलं. आत्याबाई पुढे आल्या. उंच, काटक, नऊवारीतल्या. त्यांनी नारळ गाडीवरून ओवाळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि वाकून तो डाव्या चाकापुढे ठेवला. मग त्यांनी बँडवाल्यांना हात केला. बँड थांबला.

आणि सगळ्यांना कळलं की गाडीचा आवाज येत नाही.

मलाही तेव्हाच कळलं. मी क्लच दाबला. एरवी क्लच दाबला की लगेच इंजिन लागतं. लागलं नाही. पुन्हा दाबला. नाही. बेल्ट सोडला असेल तर ती आपणहून सुरू होत नाही, चावीच फिरवावी लागते. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, मी ते वाचलेलंही आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. मी दोन्ही पायांनी काहीतरी करत होतो आणि त्या गडबडीत ब्रेकवरचा पाय सैल झाला. हँडब्रेक ओढलेला नव्हता. चढावर उभी गाडी, नवरा-नवरीला घेऊन, नारळाला तिथेच सोडून हळूच मागे सरकली.

“धरा रे, धरा! दगड लावा चाकले!” कुणीतरी ओरडलं. पोरं धावली. मागून दहा हात गाडीला लागले. एकाने चाकामागे दगड सरकवला. गाडी थांबली. मी ब्रेक दाबून बसलो होतो.

आत्याबाई नारळाकडे बघत होत्या. मग त्या बोलल्या, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. “शिववर बंद पडनी. मांगे बी सरकनी.” आणि मान वर करून त्यांनी माझ्याकडे नाही, मागच्या खिडकीतून भाचीकडे बघितलं. “मी पहिलेच सांगेल व्हतं.”

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते आता कुणीही सांगेल. खाली उतरायचं, कान धरायचे, म्हणायचं, बाई, माझ्याकडून चूक झाली. माझी चूक होतीच. बटण विसरलो मी, हँडब्रेक विसरलो मी. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“बंद नाही पडली,” मी खिडकीतून म्हणालो. “बंद पडत नसते ही गाडी. ती आपोआप बंद होते.”

“आपोआप?” एक जण म्हणाला.

“हो, आपोआप. तशी सोयच आहे तिच्यात.”

आणि मागे गर्दीत ते पसरत गेलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. काय व्हयनं? आपोआप बंद पडनी म्हने. कोन्ही काही करं नही, आपोआप बंद पडनी. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणाच्या चुकीने गाडी बंद पडली तर ती चूक असते. शिवेवर येऊन आपली आपण बंद पडली, तर त्याचा अर्थ तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. मलाही ठाऊक होता, मी काही विलायतेत वाढलेलो नाही. तरी मी थांबलो नाही. पेट्रोल कसं वाचतं ते सांगितलं. आता सगळ्या नव्या गाड्यांत हे असतं म्हणून सांगितलं. बेल्टमुळे सुरू झाली नाही म्हणून बेल्ट हातात धरून दाखवला. माझा आवाज चढत गेला. मला एकच दिसत होतं, की एवढ्या लोकांना वाटतंय मला गाडी चालवता येत नाही. मला!

बायकोने माझ्या मांडीवर हात ठेवून दाबला. “अहो,” ती म्हणाली. मी आरशात बघितलं. मागे भाची बसली होती. ती रडत नव्हती. तिने पदर जरासा पुढे ओढला होता आणि मांडीवरच्या हातांकडे बघत होती. जावई दार उघडायला गेला तर त्याच्या वडिलांनी त्याला खुणेनेच बसायला सांगितलं. नवऱ्याने शिवेवर उतरायचं नसतं. मी हे सगळं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे वळून म्हणालो, “शोरूमला विचारा हवं तर.”

मुलाचे वडील मध्ये पडले. “ऱ्हाऊ द्या ताई, नवी गाडी शे, व्हस असं.” पण त्यांचाही आवाज बसला होता. आत्याबाईंनी नारळ उचलला. चाकाखाली ठेवलेला नारळ न फोडता उचलणं म्हणजे काय, हे कुणी मला समजावून सांगितलं नाही, पण सगळी माणसं ज्या तऱ्हेने गप्प झाली त्यावरून मला कळलं. आता त्या पोरीला घरात घेतील, नाकारणार नाहीत, पण आयुष्यभर त्या घरात म्हैस आटली, पाऊस हुकला, कुणाला ताप आला की आजचा दिवस काढतील.

तेव्हा मी उतरलो. हँडब्रेक ओढला आणि उतरलो. फेटा एका कानावर आला होता, तो सारखा करायचंही सुचलं नाही. आत्याबाईंच्या समोर जाऊन म्हणालो, “बाई, खोटं बोललो. आपोआप काही नाही. माझ्याकडूनच बंद पडली. चढावर मला क्लच जमला नाही.”

त्यांनी मला वरून खाली बघितलं. “तुमीच चालाडी राहिंतात ना जळगावपासून?”

“सपाटीवर येते मला. चढावर नाही येत.”

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. लग्नात माझ्या पंगतीला बसला होता, मीच त्याला माझं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, “ओ मामा, पन तुमी तं गाडी शिकाडतस ना लोकेसले?”

मागच्या जीपमधून आमच्याकडची माणसं उतरून आली होती. त्यांत माझ्याकडे शिकलेले दोघं होते. त्यांच्या देखत मी म्हणालो, “शिकवतो. पण मलाच येत नाही.”

आधी कुणी एक हसलं. मग पोरं हसली, मग बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारा तर गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला. “शिकाडस आनि येत नही!” हे त्याने तीनचारदा वेगवेगळ्या लोकांना सांगितलं. मुलाचे वडील हसले, आणि शेवटी आत्याबाईंच्या तोंडाची एक बाजू हलली. “मंग तसं सांगा ना पहिलेच,” त्या म्हणाल्या आणि नारळ परत खाली ठेवला.

पण मला परत गाडीत बसू देईनात. जावयाचा चुलतभाऊ, ट्रॅक्टरवाला, पुढे झाला. “चावी द्या मामा, मी लई जास.” मी चावी दिली. ती देताना मला आठवलं की आता तो चावीने गाडी सुरू करणार, म्हणजे सोय पुन्हा चालू होणार, आणि पुढे गर्दीत तो कुठेही थांबला की इंजिन पुन्हा गप्प. हे त्याला सांगू कसं? आत्ताच तर सगळ्यांपुढे म्हणालो, आपोआप काही नाही. त्याने इंजिन लावलं तसा मी खिडकीतून अर्धा आत घुसलो आणि आरसा पुसल्यासारखं करत बटण दाबलं. “काय करतस मामा?” तो म्हणाला. “धूळ आहे,” मी म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं असेल, माणसाचं डोकं फिरलं.

गाडी पुढे गेली, नारळ फुटला, बँड वाजायला लागला. “नारय फुटना!” पोरं ओरडली. मी माझ्याच गाडीच्या मागे, धुरळ्यात, फेटा हातात घेऊन चालत गेलो. वाटेत भेटेल तो माझ्या पाठीवर थाप मारत होता. मी हसत होतो. आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्या गावात माझं नाव ढकलगाडीवाला मामा पडलं, ते अजून आहे. गोष्ट जळगावला माझ्या आधी पोचली. शिकायला येणाऱ्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी हसू दाबत विचारलं, “सर, चढावरचं पण शिकवता ना?” मला राग आला, मग लाज वाटली, मग रागावण्याचीच लाज वाटली. पण हळूहळू दुसरंच काही व्हायला लागलं. अक्काला बायकोने खरं काय ते सांगितलं. अक्का फोनवर रडली. म्हणाली, “माझ्या पोरीसाठी तू स्वतःचं नाक कापून घेतलंस भाऊ.” दाजी तर मुद्दाम यावलहून केळीचा घड घेऊन आले. मी नाही नाही म्हणायचो, आणि मला ते गोड लागायचं. गोष्ट सांगताना मी खिडकीतल्या बोलण्याचा भाग गाळायला लागलो. गाडी बंद पडली, आत्याबाई बोलल्या, आणि मी उतरलो. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

आखाडात भाची माहेरी आली. माझ्याकडे जेवायला बोलावलं. अक्का आणि दाजी होतेच, शेजारचे दोघं होते. जेवताना मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, माझ्या पद्धतीने. सगळे हसले, मग गहिवरले. भाची पानावर मान घालून जेवत होती.

दुपारी सगळे लवंडले. मी ओसरीत बसलो होतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो माझ्याजवळ ठेवला आणि समोर टेकली. अंगाने भरली होती, चांगली दिसत होती.

“तिकडे बरं आहे ना?” मी विचारलं.

“बरं आहे. हे चांगले आहेत. आत्याबाईपण आता बोलतात माझ्याशी.”

“मग झालं.”

तिने तांब्यावरचं भांडं सरळ केलं. मग म्हणाली, “मामा, एक सांगू? राग नका मानू.”

“तुझा कसला राग?”

“त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. माझं आधीचं लग्न मोडल्यापासून सगळे तसंच बघतात, मला सवय आहे. पण मला वाटलं, तुम्ही आहात पुढे, तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही बोललात, पण गाडीबद्दल.” ती रागात नव्हती. वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तशी सांगत होती. “तुम्ही आरशात माझ्याकडे बघितलंत. आपली नजर नाही मिळाली, पण मला कळलं तुम्ही बघितलंत ते. आणि परत पेट्रोल किती वाचतं ते सांगायला लागलात.”

“उतरलो ना पण मी नंतर,” मी म्हणालो. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला.

“उतरलात. त्याचं चांगलंच झालं. त्या घरात मी नीट गेले ती तुमच्यामुळे, हे मी नाकारत नाही.” तिने पदराने कपाळ पुसलं. “पण तुम्ही आत बसून बोलत होतात ना, तेव्हा मला एक कळलं. माझं म्हणून कुणी नाही बोलणार. आई रडेल, बाबा गप्प बसतील, तुम्ही गाडीचं सांगाल. नारळ फुटल्यावर त्याच रात्री मी आत्याबाईंना म्हटलं, आत्या, उद्या या घरात काही वाईट झालं तर मला तोंडावर सांगा, मागून बोलू नका, मी उत्तर देईन. त्या बघतच राहिल्या. तेव्हापासून आमचं जमतं.”

इतके दिवस मला वाटत होतं की त्या पोरीला घरात मी नेलं. ती स्वतःची स्वतः गेली होती, आणि जाताना आमच्यातल्या कुणाच्या भरवशावर गेली नव्हती.

“चहा टाकू?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. आत अक्का तिला म्हणाली, “मामाला विचारलंस का ग, साखर किती?” भाची म्हणाली, “त्यांना नको विचारू, ते झोपलेत.” मी ओसरीत डोळे उघडे ठेवून बसलो होतो, आणि तिने माझी लाज झाकली होती.